धंद्यात फटका बसला की हिंमत नेमकी कुठे जाते?

धंद्यात फटका बसलेल्या माणसाला "धीर सोडू नकोस" हे वाक्य दिवसातून चार जण ऐकवतात. मेहुणा ऐकवतो, शेजारच्या गाळ्यातला ऐकवतो, बँकेतला ओळखीचा माणूस ऐकवतो आणि सकाळी सहाला सोसायटीच्या ग्रुपवर सूर्योदयाचा फोटोही तेच ऐकवतो. धीर धरायचा कसा, हे मात्र कुणी सांगत नाही. मी ठाण्यात लहान धंद्यांची खाती लिहितो, त्यांचा जीएसटी भरतो. महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास टेबलापलीकडे बसणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून मला गल्ल्याचा अंदाज येतो. इतकी वर्षं हे बघून माझं एक मत झालंय: माणसाची हिंमत आधी जात नाही, आधी ताबा सुटतो. कुठली गोष्ट आपल्या हातात आहे हेच दिसेनासं झालं की मग हिंमत निघून जाते. म्हणून हिंमत परत आणायचा रस्ताही भाषणातून जात नाही, वहीतून जातो.

हे माझं एकट्याचं तत्त्वज्ञान नाही. १९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. आजच्या नजरेला तो क्रूरच वाटेल. कुत्र्यांच्या एका गटाला विजेचा झटका बसायचा, पण डोक्याने एक पट्टी दाबली की तो बंद व्हायचा. दुसऱ्या गटाला तितकाच झटका, पण त्यांनी काहीही केलं तरी तो थांबत नसे. नंतर दोन्ही गटांना अशा पेटीत ठेवलं जिथे मधलं बुटकं कुंपण ओलांडलं की सुटका होती. पहिल्या गटातली कुत्री उडी मारून पलीकडे गेली. दुसऱ्या गटातली बरीचशी तिथेच पडून राहिली. झटका दोघांना सारखाच बसला होता, फरक एवढाच की एका गटाला आपल्या हालचालीने काही बदलतं याचा अनुभव होता.

पुढे जवळजवळ पन्नास वर्षं सगळे म्हणत राहिले की ही हतबलता प्राणी शिकतो. मग २०१६ मध्ये याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलंच म्हणणं उलटं केलं. त्रास लांबला की गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते "मी काही केलं तर फरक पडतो" हे. मेंदूचा पुढचा भाग हा ताबा ओळखतो आणि मग त्या गप्प पडण्याला लगाम घालतो.

धंदेवाल्यासाठी याचा अर्थ मोठा आहे. दोन महिने पेमेंट न आल्यावर तुम्हाला शटर वर करावंसं वाटत नसेल, फोन वाजला की पोटात गोळा येत असेल, तर तुम्ही कच्च्या दिलाचे आहात असं मुळीच नाही. शरीर नेमून दिलेलं काम करतंय. आणि त्यावरचा इलाजही मोठा लागत नाही. ज्याचा परिणाम आपल्या डोळ्यांना दिसेल अशी एखादी लहान हालचाल पुरते.

तोटा दुप्पट का बोचतो

यात अजून दोन गोष्टी मिसळतात. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेलं आणि नंतर अनेकदा तपासलं गेलेलं निरीक्षण असं, की तेवढ्याच रकमेचा तोटा फायद्यापेक्षा साधारण दुपटीने जाणवतो. महिन्याला दहा हजारांचं एक गिऱ्हाईक तुटलं आणि दहा हजारांचं दुसरं जोडलं गेलं, तर हिशोबात महिना बरोबरीत सुटला. मनात मात्र तो घाट्यातच जमा होतो. म्हणून महिना कसा गेला हे मनाला विचारू नये. ते कायम वाईटच सांगणार.

दुसरी गोष्ट उसाची. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांच्या बौद्धिक चाचण्या संशोधकांनी कापणीच्या आधी, हात आखडता असताना, आणि कापणीनंतर, पैसा आल्यावर, अशा दोनदा घेतल्या. माणसं तीच, पण आधीच्या चाचण्यांत गुण कमी पडले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पैशाची तंगी डोक्यातली जागा खाते, असा त्याचा साधा अर्थ. पगार कुठून द्यायचा हे डोक्यात फिरत असताना माणूस चुकीचा रेट कोट करतो, रिटर्नची तारीख विसरतो, चांगल्या गिऱ्हाइकावर खेकसतो आणि मग म्हणतो, "माझ्यात आता ती धमकच राहिली नाही." धमक असते, ती दुसरीकडे गुंतलेली असते. म्हणून तंगीच्या काळात मोठे निर्णय मनातल्या मनात घेऊ नयेत. कागदावर घ्यावेत.

तेरा आठवड्यांचा कागद

वागळे इस्टेटमधला एक गाळा घेऊ. आकडे थोडे बदलून सांगतो. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, साठच्या दशकातली. आता तिथे काचेच्या इमारती जास्त दिसत असल्या तरी आतल्या गल्ल्यांत अजून लेथचा आवाज आहे. या गाळ्यात दोन लेथ, एक मिलिंग, चार कामगार. काम सगळं जॉबवर्कचं. मालक माझ्याकडे आला तो हे सांगायलाच, की "साहेब, धंदा बसला. दिवाळीनंतर बंद करतो."

त्याच्याबरोबर बिलांची एक तार होती, जुन्या पद्धतीची, खाली लाकडी ठोकळा आणि वर बिलं खोचलेली. ती सगळी उतरवून तारखेप्रमाणे लावली. येणं निघालं अकरा लाख, त्यातले सात लाख एकाच पार्टीकडे. मशिनं चालू होती, ऑर्डर होत्या, रिजेक्शनही फारसं नव्हतं. बसला होता तो पैसा. धंदा उभाच होता. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचं औषधही वेगळं, पण आतून दोन्ही अगदी सारखीच वाटतात.

मग एका मोठ्या कागदावर पुढचे तेरा आठवडे आखले, म्हणजे साधारण एक तिमाही. प्रत्येक आठवड्याला तीन ओळी: नक्की येणारे पैसे, नक्की जाणारे पैसे, हातात उरणारे. "नक्की" या शब्दावर मी अडून बसतो. "पुढच्या सोमवारी बघतो" असं पार्टीने म्हटलेलं पेमेंट त्यात धरायचं नाही. पगार, भाडं, लाइट बिल, बँकेचा हप्ता आणि जीएसटी ज्या-त्या आठवड्यात टाकायचं. पाचव्या आठवड्यात उणे एक लाख ऐंशी हजार आलं. त्याआधीचे चार आठवडे आणि सातव्याच्या पुढचे जेमतेम का होईना, निघत होते.

आकडा बघून तो घाबरला नाही, उलट खुर्चीत नीट टेकून बसला. तोपर्यंत त्याची भीती बिनआकड्याची होती. आता ती एक लाख ऐंशी हजारांची आणि पाचव्या आठवड्यातली झाली. तेवढ्यावर काम करता येतं. गाळ्याच्या मागे टर्निंग-बोरिंगच्या भंगाराची पोती पडून होती, ती त्याच दिवशी विकली. स्टीलच्या व्यापाऱ्याकडून पंधरा दिवस मागून घेतले. दुसऱ्या दोन लहान पार्ट्यांना, ज्यांच्याकडे थोडे-थोडेच पैसे होते, फोन केले. लहान पार्टीकडून पैसे लवकर सुटतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सात लाखांच्या रागात त्या चाळीस हजारांना कुणी फोन करत नाही. भंगाराचे पैसे फार नव्हते. पण त्या दिवशी त्याने एक गोष्ट केली आणि संध्याकाळी हातात नोटा होत्या. वर सांगितलेली पट्टी दाबली गेली ती अशी.

अडकलेल्या पैशाचा कायदा

आपल्या धंदेवाल्यांचं मनोबल खाणारी सगळ्यात मोठी गोष्ट कुठली असं विचारलंत तर मी उधारी म्हणेन. मंदीपेक्षाही जास्त. आणि इथे हातात काय आहे हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, म्हणून जरा सविस्तर.

२००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो, की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि ती तारीख माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, तेही दरमहा चक्रवाढ, व्याज लागतं. तुमच्या ओव्हरड्राफ्टपेक्षा महाग पडेल असं व्याज. मालाबद्दल तक्रार असेल तर ती पंधरा दिवसांत लेखी कळवावी लागते. नाहीतर माल पोहोचला तो दिवसच स्वीकारल्याचा दिवस धरतात. म्हणजे या सगळ्या कायद्याचं कुलूप उघडतं ते डिलिव्हरी चलनावरच्या सहीने. सही, शिक्का, तारीख. टेम्पोवाल्याला पहिली ताकीद हीच द्या. सहा महिन्यांनी "माल खराब होता" असं ऐकवणारे पुष्कळ असतात, आणि त्यांच्या तोंडावर टाकायला तो एकच कागद असतो.

यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद, हवी. ती ऑनलाइन आणि फुकट होते. तिच्यासाठी पैसे मागणारी जी वेबसाइट दिसेल ती सरकारी नव्हे. नोंदणी आधीच करून ठेवा. माल देऊन झाल्यावर, भांडण सुरू झाल्यावर केलेली नोंदणी हाच वादाचा पहिला मुद्दा होतो. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारालाही उद्यम मिळतं, पण ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. उशिरा पेमेंटचं हे संरक्षण कारखानदार आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. हा फरक माहीत नसल्याने बरेच जण उगाच धावपळ करतात.

पैसे नाहीच आले तर याच कायद्याखाली अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. तिचा निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि समोरच्याला त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कागदावर कायदा दणकट आहे. पण खरं सांगायचं तर चालू गिऱ्हाइकाला परिषदेत खेचलं की ते गिऱ्हाईक गेलंच समजा, शिवाय वेळ लागतो तो वेगळाच. माझा सल्ला असा, की परिषद ठेवावी ज्यांच्याशी पुन्हा काम करायचंच नाही त्यांच्यासाठी. बाकीच्यांसाठी २०२३ च्या अर्थसंकल्पाने आयकरात घातलेली तरतूद जास्त कामाची, ज्याला सीए मंडळी "फॉर्टीथ्री बी एच" म्हणतात. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, त्याचा कर वाढतो. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि मार्च उजाडायच्या आत पार्टीच्या अकाउंट्सवाल्याला एक सभ्य ईमेल टाका. मालकाला नव्हे, अकाउंट्सवाल्याला. मालक "हो हो" म्हणतो, ऑडिटरला उत्तर अकाउंट्सवाल्याला द्यावं लागतं.

बँकेपासून लपू नका

हप्ता चुकला की लोक ब्रँचच्या रस्त्याने जायचंच टाळतात. बँकेचं घड्याळ मात्र चालूच असतं. ३० दिवसांपर्यंतची थकबाकी एका कप्प्यात, ३१ ते ६० दुसऱ्यात, ६१ ते ९० तिसऱ्यात, आणि ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकलेलं कर्ज. त्या रेषेच्या अलीकडे मॅनेजरच्या हातात बऱ्याच गोष्टी असतात: हप्ता पुढे ढकलणं, मुदत वाढवणं, गरज असेल तर थोडं जास्तीचं खेळतं भांडवल. रिझर्व्ह बँकेने लहान उद्योगांसाठी केलेल्या पुनरुज्जीवनाच्या चौकटीत उद्योजकाला स्वतःहून अर्ज करायची सोय आहे. रेषेच्या पलीकडे गेलात की तोच मॅनेजर वसुलीच्या भाषेत बोलायला लागतो, त्याचाही नाइलाज असतो. तेरा आठवड्यांचा तो कागद घेऊनच जा. नुसतं "साहेब, अडचण आहे" म्हणणारा आणि "पाचव्या आठवड्यात एवढे कमी पडतात, नवव्यात भरून निघतात" म्हणणारा, यांच्याकडे बँक वेगळ्या नजरेने बघते. आणि दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या वाटेला जाऊ नका, एवढंच.

दोष कुणाचा, हा प्रश्न नीट विचारावा

ऐरोली, महापे, घणसोली या पट्ट्यातल्या आयटी कंपन्यांवर कितीतरी घरगुती डबेवाल्या ताईंचा धंदा उभा होता. मार्च २०२० मध्ये ऑफिसं घरी गेली आणि डबे एका आठवड्यात शून्यावर आले. त्यांच्यातली कोपरखैरण्याची एक ताई मला म्हणाली होती, "माझ्या हातालाच गुण नाही." चपात्या त्याच होत्या, भाजी तीच होती.

सेलिगमननेच पुढे दाखवलं, की फटक्याचं कारण माणूस स्वतःला कसं सांगतो यावर त्याचं सावरणं बरंच अवलंबून असतं. हे कायमचंच आहे, सगळीकडे असंच होणार, आणि हे माझ्यामुळेच, असं तिन्ही एकदम म्हणणारा लवकर खचतो. तपासायचा सोपा उपाय: आपल्याच ओळीतल्या इतरांचं काय झालं ते बघा. पितृपक्षात गोखले रोडवरची सगळीच कापडाची दुकानं रिकामी असतील तर तो पंधरवड्याचा दोष. फक्त तुमचंच रिकामं असेल तर मात्र विषय तुमचा.

आणि विषय आपला निघाला तर ते वाईटच असं नाही. "मी धंद्याच्या लायकीचा नाही" हे कारण निरुपयोगी, कारण त्यावर सोमवारी सकाळी काही करता येत नाही. "गेल्या तीन लॉटमध्ये बोअरचं माप चुकलं, कारण कापणारी इन्सर्ट झिजेपर्यंत वापरली" हे कारण उत्तम. चूक जितकी बारीक पकडता येईल तितका ताबा जास्त. त्या ताईने पुढे आयटीवाल्यांची वाट बघणं सोडलं आणि सोसायट्यांमधल्या एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना कमी तिखटाचे डबे सुरू केले. पैसे आधीपेक्षा कमी मिळतात. पण तिचं गिऱ्हाईक आता एका फाटकाच्या आत बसलेलं नाही.

घरात आणि डोक्यात

घरच्यांपासून लपवणं ही आपल्याकडची जुनी सवय. "तिला कशाला टेन्शन" असं म्हणत माणूस सहा महिने एकटा झुरतो, आणि ती मात्र बंद झालेल्या आरडीवरून सगळं कधीच ओळखून असते. कामगारांनाही पगाराची तारीख पुढे जाणार असेल तर आधी सांगा. नेमकी तारीख सांगितली तर माणसं थांबतात, कुजबुज ऐकली तर पळतात.

झोप उडालेली दोन-तीन आठवड्यांवर गेली, दारू वाढली, किंवा "मी नसतो तर विम्याचे पैसे तरी आले असते" असला हिशोब डोक्यात यायला लागला, तर तिथे माझ्यासारख्या खातेवाल्याचं काम संपतं. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी, मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये उभी केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे. पाठ धरली तर आपण हाडांच्या डॉक्टरकडे जातोच ना.

कधी बंद करायचं

चिकाटीचं कौतुक करणारे हा भाग नेहमी गाळतात. गडकरी रंगायतनचं महागडं तिकीट काढलंय म्हणून ताप अंगावर काढत नाटकाला जाणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. तिकिटाचे पैसे दोन्हीकडून गेलेलेच असतात. १९८५ मध्ये हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी अमेरिकेत नेमकं नाटकांच्याच हंगामी तिकिटांवर हे तपासलं होतं: ज्यांनी पूर्ण किंमत मोजली होती ते, सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना गेले. धंद्यात हेच "आजवर वीस लाख घातले, आता कसं सोडू" असं बोलतं.

म्हणून सोडायची रेषा चांगल्या दिवसांत आखून ठेवावी आणि लिहून ठेवावी. घरातले दागिने मोडायचे नाहीत, सलग दोन तिमाह्या स्वतःचा पगार निघाला नाही तर विचार करायचा, अशी कुठलीतरी. रेषा आखली की त्याच्या अलीकडे माणूस मोकळ्या मनाने झगडतो, असा माझा अनुभव आहे. शिवाय पूर्ण बंद आणि पूर्ण चालू यांच्या मध्ये बरंच काही असतं. वागळे इस्टेटच्या त्या गाळेवाल्याने शेवटी मिलिंग मशीन विकलं, सात लाखवाल्या पार्टीचं काम निम्म्यावर आणलं आणि दोन लेथवर चालू ठेवलं.

बंदच करायचं ठरलं तर नुसतं शटर ओढून गावी जाऊ नका. जीएसटी नोंदणी चालू राहिली तर शून्य उलाढालीवरही रिटर्न न भरल्याची लेट फी दिवसाच्या हिशोबाने चढत राहते. आरईजी-१६ फॉर्म भरून नोंदणी रद्द करा, आणि रद्द झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न भरा. हे नव्वद टक्के लोक विसरतात आणि दोन वर्षांनी नोटीस घेऊन माझ्याकडे येतात. कामगारांचा हिशोब लेखी करून सह्या घ्या. गाळा भाड्याचा असेल तर डिपॉझिट हातात पडेपर्यंत चावी देऊ नका, आणि वीज मीटर तुमच्या नावावर असेल तर तो बंद केल्याची पावती जपून ठेवा.